सड्यावरची वाट आणि फोर्कमधली हवा

दोन महिने माझ्या मनगटांना मुंग्या येत होत्या. रत्नागिरीजवळच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, सकाळी तासभर सायकल मारून घरी आलं की चहाचा कप धरतानाही पंजे बधिर वाटायचे. माउंटन बाइक पुण्याहून जुनी घेतलेली, पुढे एअर फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा आणि आतल्या हवेवर धक्के झेलणारा चिमटा. त्याचा ट्रॅव्हल, म्हणजे तो जास्तीत जास्त दबू शकतो ते अंतर, 120 मिलिमीटर. आधीचा मालक माझ्यापेक्षा बराच वजनदार होता. त्याच्या वजनाची हवा तशीच आत होती, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

नाक्यावरचे पंक्चरवाले काका म्हणाले, "आण इकडे, दोन मिनिटांत करून देतो." त्यांच्या कॉम्प्रेसरची नळी बसलीही असती, कारण फोर्कचा व्हॉल्व मोटारसायकलच्या ट्यूबसारखाच असतो. पण फोर्कच्या आतली जागा अगदी थोडी. कॉम्प्रेसरने क्षणात प्रेशर भलतीकडे जातं आणि हवा अडवणारी आतली सीलं जातात. त्याला वेगळा शॉक पंप लागतो, प्रत्येक दाबाला अगदी थोडी हवा देणारा. तो मागवला, आठवड्याने आला.

आता मुख्य गोष्ट, सॅग. आपण सायकलवर उभे राहिलो की नुसत्या वजनाने फोर्क जेवढा दबतो, तो सॅग. माझ्यासारख्या रानवाटेच्या वापराला ट्रॅव्हलच्या 20 ते 25 टक्के धरतात, म्हणजे 24 ते 30 मिलिमीटर. इतकं दबणं हवंच कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण जांभा पाहिलात तर त्यात उंचवट्यांपेक्षा खळगे जास्त. आधी थोडा दबलेला फोर्कच खळग्यात खाली लांबतो आणि चाक जमिनीला धरून ठेवतो. टणक फोर्कचं चाक खळग्यावरून उडतं आणि पलीकडच्या कडेवर आपटतं. माझ्या मनगटांना तेच बसत होतं.

मोजायला बाबांना पडवीत बोलावलं. बूट, हेल्मेट, दोन लिटर पाण्याची पिशवी, सगळं अंगावर चढवलं, कारण ते वजनही फोर्कवरच येतं. फोर्क दबू न देणारा खटका, म्हणजे लॉकआउट, उघडा केला. खांबाला खांदा टेकवून पेडलवर उभा राहिलो, दोनचार वेळा फोर्क दाबून स्थिर झालो. बाबांनी फोर्कच्या नळीवरची रबरी रिंग सीलापर्यंत सरकवली. मी हळूच उतरलो आणि बाबांनी पट्टी लावली. अकरा मिलिमीटर.

मग दहा-दहा पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा कमी करत गेलो आणि इथे माझा गोंधळ उडाला. पंप काढताना 'फुस्स' व्हायचं. परत लावला की पंपावरचा काटा आधीपेक्षा खाली. फोर्क गळतोय अशी माझी खात्रीच झाली. दोन दिवस झोप नीट लागली नाही, सीलं बदलायचा खर्च डोळ्यांपुढे येत होता. शेवटी चिपळूणच्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, "अरे, आवाज पंपाच्या नळीतल्या हवेचा आहे. आणि पंप परत जोडलास की फोर्कमधलीच थोडी हवा नळीत जाते, म्हणून काटा उतरतो. हवा भरलीस की काढलीस की फोर्क दहा वेळा सावकाश दाबतोस ना?" मी तेच करत नव्हतो. आत दोन कप्पे असतात, एक भार पेलणारा आणि एक त्याच्या उलट बाजूने ढकलणारा. फोर्क दाबल्यावरच दोघांतलं प्रेशर समान होतं. त्याशिवाय घेतलेलं माप फसवं.

या पद्धतीने 84 पीएसआयवर सॅग 26 मिलिमीटर आला. फोर्कवरच्या तक्त्यात माझ्या वजनापुढे याहून 8 जास्त लिहिलं होतं. तक्ता सुरुवातीपुरता, शेवटचा शब्द पट्टीचा.

सड्यावर गेलो तर पहिले दोन खळगे मऊ, पुढचे पुन्हा कडक! अजून हवा काढणारच होतो, तेवढ्यात मित्राने फोनवर अडवलं. "हवेला हात लावू नको. लाल नॉब दोन क्लिक उघड." लाल नॉब रिबाउंडचा, म्हणजे दबलेला फोर्क किती वेगाने वर येतो ते ठरवणारा. मी तो जवळजवळ बंद ठेवला होता. एक खळगा गेला की फोर्क पूर्ण वर यायच्या आत दुसरा यायचा, प्रत्येक धक्क्याला तो अधिकच खाली बसायचा. दोन क्लिक उघडल्यावर फरक पडला, तिसऱ्याला हँडल उसळू लागलं, म्हणून परत दोनवर आणलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी तिथे पक्कं ठरवलं.

खाऱ्या हवेचं वेगळं. भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत ओहोटीला सायकल चालवून आलो की गोड्या पाण्याने धुतो, पण पाण्याचा जोरदार फवारा सीलावर मारत नाही. मीठ आणि रेती आत ढकलली जाते. नळ्या मऊ फडक्याने कोरड्या करतो, व्हॉल्वचं टोपण घट्ट लावतो. फोर्कच्या खालच्या पायांतलं तेल 50 तास सायकल चालवली की बदलायचं, त्याची नोंद कॅलेंडरवर आहे.

गेल्या रविवारी धाकट्या भावाने सायकल मागितली. तो 55 किलोचा. बाबा आपणहून पट्टी घेऊन पडवीत आले.