एमआरआय नॉर्मल आला आणि गाठ सीटीत दिसली : माझा अनुभव

डाव्या भुवईच्या वर, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी मला जवळजवळ दीड वर्ष दुखत होतं. मी कोल्हापूरची, माहेर रत्नागिरी. आंबा घाट उतरायला लागलं की त्या जागी कुणीतरी आतून दाबतंय असं व्हायचं, साखरप्यापर्यंत डोळा उघडा ठेवणं मुश्किल. सगळे म्हणायचे सायनस आहे, वाफ घे, ओव्याची पुरचुंडी शेक. सगळं केलं. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, चष्म्याचा नंबर तपासला, मायग्रेनच्या गोळ्या खाल्ल्या, फरक शून्य.

मग एका ठिकाणी सरळ मेंदूचा एमआरआय करायला सांगितला. चांगले सात हजार गेले, रिपोर्ट नॉर्मल. आणि नॉर्मल म्हटल्यावर पुढचं वाक्य ठरलेलंच, टेन्शन घेऊ नका, झोप नीट घ्या. मला तेव्हा फार लागलं ते, कारण दुखणं खरं होतं आणि आता घरातलेही तसंच बोलायला लागले.

शेवटी बहिणीने ओळखीच्या ईएनटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दुर्बिणीने नाक बघितलं, भुवईवर दाबून बघितलं आणि सायनसचा साधा सीटी लिहून दिला, इंजेक्शनशिवाय. मी म्हटलं अहो डॉक्टर एमआरआय झालाय की, तो तर महाग असतो. ते म्हणाले महागाचा प्रश्न नाही ताई, हाड बघायचं तर सीटी.

सीटीला काहीच त्रास नाही. कानातलं, पिना, मंगळसूत्र काढायला लावलं, प्रेग्नन्सी नाही ना ते विचारलं, हलू नका आणि आवंढा गिळू नका म्हणाले, पाच मिनिटांत बाहेर. संध्याकाळी आमच्या मिस्टरांनी रिपोर्ट रिक्षातच उघडला आणि 'ऑस्टिओमा' (हाडाची गाठ) शब्द मोबाईलवर टाकला, पहिलीच ओळ ट्यूमर. शनिवार होता, डॉक्टर सोमवारी. त्या दोन रात्री मी झोपले नाही, मुलीच्या केसांतून हात फिरवत बसायचे नुसती.

सोमवारी डॉक्टरांनी मला घेऊन खालच्या मजल्यावरच्या रेडिओलॉजिस्टकडे नेलं आणि त्यांनी स्क्रीनवर जे दाखवलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. आधी सगळं हाड एकसारखं पांढरं दिसत होतं, मग त्यांनी माऊस ओढून 'बोन विंडो', म्हणजे हाडाचे बारकावे दिसतील अशी चित्राची सेटिंग, लावली, तसं कवटीचं हाड करडं झालं, त्याचे पापुद्रे वेगळे दिसायला लागले आणि कपाळातल्या डाव्या पोकळीत शेंगदाण्याएवढा एक ठिपका मात्र तसाच पांढराशुभ्र राहिला. ११ मिमी. कडा कोरून काढल्यासारखी स्वच्छ. एवढा घट्ट असतो म्हणून याला हस्तिदंती ऑस्टिओमा म्हणतात, सायनसमधल्या साध्या, कॅन्सर नसलेल्या गाठींत ऑस्टिओमाच सगळ्यात जास्त सापडतो आणि त्यातही बहुतेक वेळा कपाळाच्या सायनसमध्ये, असं त्यांनी सांगितलं. फायब्रस डिस्प्लेजिया (हाडाच्या जागी तंतूंसारखा भाग तयार होतो तो, कॅन्सर नसलेला दुसरा आजार) असता तर दुधी काचेसारखं धूसर दिसलं असतं आणि कडा शेजारच्या हाडात मिसळून गेली असती.

मग मी पिशवीतून एमआरआयची फिल्म काढून दिली. त्यांनी त्याच जागी पेन टेकवलं, तिथे नुसता काळा भाग. एमआरआयमध्ये सिग्नल येतो तो पाण्यातल्या, चरबीतल्या हायड्रोजनचा, इतक्या घट्ट हाडात तो जवळजवळ मिळतच नाही आणि सायनसमधली हवाही काळीच दिसते, म्हणजे काळ्यात काळं मिसळून गेलं. खरं सांगते, मला तिथेच रडू आलं. दीड वर्षं मी खोटं बोलत नव्हते.

पुढचे प्रश्न त्यांनी स्क्रीनवरच सोडवले. सायनसची मेंदूकडची भिंत शाबूत, डोळ्याकडचीही शाबूत, मागे म्युकोसिल (निचरा अडकून साठलेल्या शेंबडाची फुगलेली पिशवी) झालेलं नाही. पण गाठ सायनसचा निचरा होतो त्या वाटेच्या तोंडाशीच बसलेली, वाट अरुंद झालेली, सर्दीने थोडी सूज आली की ती बंद होते आणि दाब येतो. घरात कुणाला मोठ्या आतड्याचे पॉलिप किंवा कॅन्सर आहे का हेही विचारलं, कारण अशा गाठी एकापेक्षा जास्त असतील तर गार्डनर सिंड्रोमचा, म्हणजे हाडांच्या गाठींसोबत आतड्यात पॉलिप होतात अशा आनुवंशिक आजाराचा, विचार करावा लागतो. माझी एकच, घरात कुणाला काही नाही.

ईएनटी डॉक्टर ऑपरेशन लगेच नको म्हणाले. या गाठी फार हळू वाढतात, वर्षाला साधारण दीड मिमीच्या आसपास, काही तर तेवढ्याही नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि नाकातला स्प्रे चालू केला आणि वर्षाने परत सीटी, शक्यतो त्याच सेंटरला, जुनी सीडी घेऊन, म्हणजे त्याच कापावर (स्कॅनच्या त्याच चित्रावर) माप घेता येतं. नुसता कागदी रिपोर्ट नेऊ नका, सीडी न्या, हे मी आता सगळ्यांना सांगते.

गेल्या महिन्यात दुसरा सीटी झाला. १२ मिमी. एक मिमीचा फरक मोजण्यातलाही असू शकतो म्हणाले, आता दोन वर्षांनी या, दिसायला त्रास झाला, डोळा पुढे आल्यासारखा वाटला किंवा दुखणं वाढलं तर लगेच या. दिवाळीला माहेरी गेले तेव्हा घाटात थोडं दुखलं, पण साखरप्याला उतरून चहा घेतला, डोळे उघडे ठेवून.