कॉलेज रोडवरून दिंडोरीची मोटार

आमची द्राक्षबाग दिंडोरीच्या बाजूला आणि आम्ही राहतो नाशिकच्या कॉलेज रोडला. विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवल्यापासून रात्रीच्या पाण्याचा जाच बराच कमी झालाय. थ्री फेज लाइट आठवड्यातले काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. ज्यांनी रात्री दोनला बॅटरी घेऊन, बिबट्याच्या धास्तीने मोठमोठ्याने गाणी म्हणत विहीर गाठलीय, त्यांना या डब्याचं मोल मी काय सांगू! आत सिमकार्ड असतं. लाइट आली की डब्याचा फोन येतो, आपण आकडा दाबायचा, मोटार चालू. थंडीत मी हे गोधडीत पडल्या पडल्या करते.

पण मोटार चालली म्हणजे बागेला पाणी पोचलं, असं नाही. डब्याला कळतो फक्त करंट. उंदरांनी ठिबकची नळी कुरतडलेली असो, तिच्यावरचे ड्रिपर चोंदलेले असोत, नाहीतर भलत्याच प्लॉटचा व्हॉल्व्ह उघडा असो, फोनमधली बाई त्याच उत्साहात सांगते, 'मोटार चालू आहे.' मळ्यातच राहणारे माझे सासरे, तात्या, तिला खोटारडी म्हणतात. ते ओळीच्या पार टोकाला जातात, शेवटच्या वेलाखालची माती उकरून चिमटीत दाबून बघतात आणि मग मला फोन करतात. गोडी छाटणीनंतर फुटी निघत असतात तेव्हा तर हे रोजचंच.

हुकूम सोडायला काय लागतं? उत्तर मिळवणं अवघड. व्हॉयेजर-1 हे 1977 सालचं यान नोव्हेंबर 2023 पासून निरर्थक माहिती पाठवायला लागलं. त्याच्या संगणकातली एक चिप बिघडली होती. नासाच्या लोकांनी तिथला प्रोग्रॅम दुसऱ्या जागी हलवायचं ठरवलं. 18 एप्रिल 2024 ला आज्ञा पाठवली. संदेश पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. यान ठीक असल्याचं कळलं 20 तारखेला. आम्ही इथे दहा मिनिटांत तात्यांचा फोन आला नाही तर कासावीस!

वाट बघायला सवडच नसेल तर निर्णय तिकडेच सोपवावा लागतो. 23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी चांद्रयान-3 उतरताना आपण सगळे टीव्हीसमोर होतो. बेंगळुरूच्या केंद्रातले शास्त्रज्ञही त्या शेवटच्या टप्प्यात बघतच होते. उतरणं यानाचं यानच सांभाळत होतं. संदेश चंद्रावर जायला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतो, आणि तेवढाही उशीर तिथे परवडत नाही. आमच्या डब्यातही तेवढी अक्कल आहे. विहिरीचं पाणी तुटलं की करंट घसरतो आणि तो मोटार आपणहून बंद करतो. 'ताई, बंद करू का?' असं मला विचारत बसला तर वाइंडिंगच जळायचं.

(सगळंच दुरून जमतं असंही नाही. रामकुंडावर दहाव्याला परदेशातला मुलगा व्हिडिओ कॉलवर हात जोडून बसलेला दिसतो. कावळ्याला मात्र अजून कोणी लिंक पाठवू शकलेलं नाही.)

या सोयीतली मला सगळ्यात जास्त भीती वाटणारी गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. तात्या मोटारीच्या वायरींना हात लावून बसलेत आणि नेमक्या त्याच वेळी मी इकडून आकडा दाबला तर? शिवाय डबा ऑटोवर असला तर लाइट येताच मोटार स्वतःच सुरू होते, कोणी दाबायचीही गरज नाही. 'काम चाललंय, दाबू नकोस' असं फोनवर सांगणं मी पुरेसं मानत नाही. नंबर घरात तिघांकडे आहे. म्हणून आमच्याकडे पक्कं ठरलंय: मोटारीला, केबलला हात लावायचा तर आधी मेन स्विच पाडायचा, तिन्ही फ्यूज काढायचे आणि काम करणाऱ्याने ते स्वतःच्या खिशात ठेवायचे. पेटीवर ठेवायचे नाहीत, गड्याजवळही द्यायचे नाहीत.

परवा वायरमन आला होता. मी फोनवर तात्यांना विचारलं, "फ्यूज कुठेत?"

"बंडीत," ते म्हणाले. "आता दाब किती दाबायचंय ते."