मातीच्या बांधाची डागडुजी दिवाळीनंतरच करा: मुंबई मंडळातला माझा अनुभव

कोकणातल्या बऱ्याच गावांचं एक मुंबई मंडळ असतं. लालबाग-परळकडे कुठेतरी रविवारी सभा भरते, वर्गणी ठरते आणि मे महिन्यात चाकरमानी गावी गेले की काम सुरू होतं. देवळाच्या रंगकामाला हे वेळापत्रक चालतं, मातीच्या बांधाला नाही. आमच्या गावचा बांध 6 मीटर उंच आहे, पाणलोट 50 हेक्टर, साठा साधारण 30,000 घनमीटर. पुराचं पाणी थोपवून हळूहळू खाली सोडणं हेच त्याचं काम. दुरुस्तीचे कागद आणि देखरेख माझ्याकडे होती, म्हणून तपशिलाने लिहितो.

आधी बांध कोणाच्या नावावर आहे ते शोधा. 100 हेक्टरपर्यंत सिंचनाची लहान कामं साधारणपणे जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतात. पैसे मंडळाचे असले तरी ग्रामसभेचा ठराव, ना हरकत आणि अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता घ्यावीच लागते. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरहून उंच धरणांना लागू होतो, 10 ते 15 मीटरच्या धरणांना काही अटींवर. आपला बांध त्यात बसत नाही, म्हणजे त्या कायद्याखालची पाहणी इथे होत नाही, गावानेच लक्ष ठेवायचं.

सभेत पहिली सूचना हमखास येते ती ‘बांध मीटरभर उंच करू’ अशी. त्याआधी सांडव्याचा, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेचा हिशेब मांडा. तासाला 100 मिमी पाऊस धरला (मुंबईचे जुने नाले तासाला 25 मिमीवर बेतलेले होते, त्याचा परिणाम आपण दरवर्षी बघतो) आणि त्यातलं साठ टक्के पाणी वाहून आलं असं मानलं, तर 50 हेक्टरांतून सेकंदाला सुमारे 8.3 घनमीटर पाणी येतं. सांडव्यावरून 60 सेंमी जाडीचा प्रवाह जाऊ द्यायचा तर सांडवा साडेदहा मीटर रुंद हवा. त्याच्यावर बांधाचा माथा आणखी मीटरभर मोकळा. आमच्या सांडव्यावर पाणी जास्त साठावं म्हणून कुणीतरी दगड आणि वाळूच्या गोण्या रचल्या होत्या. हा प्रकार गावोगावी दिसतो आणि सगळ्यात घातक आहे, कारण मातीचा बांध माथ्यावरून पाणी गेलेलं सहन करत नाही. खालचा उतार धुपायला लागला की काही तासांत खिंडार पडतं. गोण्या काढल्या, सांडवा रुंद केला, उंची तेवढीच ठेवली.

माथ्याची पातळी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने दर 10 मीटरवर तपासा. भराव जिथे सर्वांत उंच तिथेच तो जास्त खचतो, आणि तो सखल भाग पुरात आपोआप दुसरा सांडवा होतो.

पुढचा धोका तळातल्या पाइपाचा. आमचा 300 मिमीचा आहे. भरलेला बांध त्यातून दोन-अडीच दिवसांत रिकामा होतो, आणि पुढच्या पावसाआधी तो रिकामा व्हायलाच हवा. म्हणून पावसाळ्यात त्याला झडप किंवा बूच लावायचं नाही. रब्बीला पाणी हवं असेल तर पाऊस संपल्यावर फळ्या लावा. पाइप बदलताना चर उभा खणू नका, बाजू 1:1 उताराच्या ठेवा, नाहीतर नवी माती जुन्या मातीला धरत नाही आणि सांध्यातून पाणी वाट काढतं. गोल पाइपाच्या कुशीखाली धुम्मस (माती ठोकायचं अवजार) पोचत नाही, म्हणून खाली काँक्रीटची बैठक घालायची. खालच्या अंगाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात पाइपाभोवती 60 ते 90 सेंमी स्वच्छ वाळू भरा. झिरपलेलं पाणी निघून जातं, माती मागेच राहते. तोंडावरची जाळी तिरकी आणि पाइपाच्या तोंडाहून कितीतरी मोठी हवी. पहिल्याच सरीत पातेरा (पालापाचोळा) येऊन ती तुंबते.

आता दिवाळीचं. भराव दाबायला मातीत नेमका ओलावा लागतो. मूठभर माती आवळा: गोळा झाला पाहिजे, तळहाताला पाणी सुटता कामा नये, आणि कंबरेच्या उंचीवरून सोडला तर दोन-तीन तुकडे व्हावेत. भुगा झाला तर कोरडी, चपटा झाला तर जास्त ओली. मे महिन्यात माती भाजलेली असते, टँकरचं पाणी वरवर सुकतं आणि रोलर नुसती ढेकळं फोडतो. नोव्हेंबर-डिसेंबरात मातीत ओल असते, ओढ्याला पाणी असतं, आणि चूक निघाली तर उकरून परत घालायला वेळ असतो. थर दाबल्यावर 15 सेंमी व्हावा. माती जास्तीत जास्त किती घट्ट दाबली जाते हे प्रयोगशाळेतल्या प्रॉक्टर चाचणीत कळतं. तिथे कोरडी घनता घनसेंमीला 1.70 ग्रॅम आली असेल तर जागेवर किमान 1.62 मिळाली पाहिजे. ठेकेदार ‘डंपर फिरलाय, झालं दाबून’ म्हणतो. पुढचा थर टाकू देण्याआधी कोअर कटरने (मातीत ठोकायच्या लोखंडी नळकांड्याने) नमुना घ्या.

बिळांचंही याच मोसमात उरकावं. 2019 मध्ये चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकड्यांनी ते पोखरल्याचं सांगितलं गेलं आणि त्यावरून बरीच थट्टा झाली. एकटा खेकडा धरण फोडत नसेल, पण बीळ ही पाण्याला आयती वाट आहे. तोंडावर सिमेंट ओतलं की आतला बोगदा तसाच राहतो. शेवटपर्यंत उकरा आणि ओली चिकणमाती थराथराने ठोकून भरा. झाडांचं तेच: मुळं कुजली की पोकळी राहते, म्हणून बुंधा काढून खड्डाही याच पद्धतीने भरायचा.

बांधाच्या पायथ्याशी थोडं झिरपणार, त्याला घाबरू नका. तिथे 90 अंशांची व्ही आकाराची खाच असलेला पत्रा बसवा. खाचेच्या खालच्या टोकापासून वर, पत्र्याच्या थोडं मागे मोजलेलं पाणी 5 सेंमी असेल तर सेकंदाला पाऊण लिटर, 10 सेंमी असेल तर जवळपास साडेचार लिटर. गावातला मुलगा पावसाळ्यात रोज सकाळी पट्टीचा फोटो ग्रुपवर टाकतो. तळ्याची पातळी तेवढीच असताना आकडा वाढला, किंवा पाणी गढूळ आलं, तर खालच्या वाडीला त्याच क्षणी उठवायचं आणि मग अभियंत्याला फोन.