खांदेरी बिल्ड: रिव्हेंज अखेर खाडीच्या तोंडाशी अडली

मंडळी, अडली! नागोठण्याच्या खाडीच्या तोंडावर, वाळूच्या दांड्याच्या अलीकडे, आपल्या खांदेरीच्या लढाईच्या गेममध्ये इंग्रजांच्या रिव्हेंज जहाजाचा वेग शून्यावर आला. शिडं भरलेली, सुकाणू फिरतंय, आणि जहाज जागचं हलत नाही. तिच्या दोन्ही अंगांनी आपली, मराठ्यांची गलबतं (वल्ह्यांच्या हलक्या लढाऊ होड्या) वल्ही मारत आत निघून गेली. स्क्रिप्ट नाही, अदृश्य भिंत नाही, एआयला "थांब" म्हणणारा एकही ट्रिगर नाही. फक्त पाणी कमी होतं म्हणून.

मागच्या दोन्ही नोंदी वाचलेल्यांना या प्रसंगाने किती छळलंय ते माहीत आहेच. नव्यांसाठी थोडक्यात. १८ ऑक्टोबर १६७९ च्या पहाटे शिवाजी महाराजांच्या दौलतखानाचं आरमार चौलच्या थोडं उत्तरेकडून, किनाऱ्याच्या बाजूने, अलिबागजवळच्या खांदेरी बेटापाशी नांगरलेल्या इंग्रजांवर चालून आलं. इंग्रजांकडे रिव्हेंज, दोन गुराबा (गलबतांहून मोठी लढाऊ जहाजं) आणि पाच लहान होड्या, आपली पन्नासेक गलबतं. अर्ध्या तासाच्या आत डव्ह या गुराबेने निशाण उतरवलं, दुसरी गुराब लांब राहिली, लहान होड्या पळाल्या. एकट्या रिव्हेंजने लढत देऊन पाच गलबतं बुडवली, आणि उरलेली नागोठण्याच्या खाडीकडे वळली. रिव्हेंजने तोंडापर्यंत पाठलाग केला. आत मात्र गेली नाही.

आपल्या बिल्डमध्ये पहिला भाग छान जुळला होता. गलबतं नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या तोफा डागत सरळ पुढे येतात. तोफ दिसली की जहाज आडवं करायचं, ही एआयची जुनी खोड निघाली आहे. नाळ लक्ष्याकडे ठेवण्याला मी वेगळा भार दिला आणि आडवं होण्याचा भार फक्त रिव्हेंजच्या वर्गापुरता ठेवला. डव्ह निशाण उतरवते तो क्षण आता दर वेळी नाही, पण बऱ्याचदा घडतो. घडला की अजूनही खुर्चीवरून उठायला होतं.

घोडं अडायचं ते पाठलागात. रिव्हेंज बिनदिक्कत खाडीत शिरायची, आणि अरुंद पाण्यात कोंडलेल्या गलबतांचा फडशा पाडायची. दर वेळी! इतिहासात जे आरमार दोनच दिवसांनी पुन्हा खाडीबाहेर आलं, ते आपल्या गेममध्ये दुपारपर्यंत संपलेलं असायचं. तळाचा आकडा बदलून पाहिला. रिव्हेंजला तीन मीटर पाणी लागतं आणि गलबताला एक, हे गणित ठीकच होतं. मग दांडा उंच करून पाहिला, तर गलबतंच चिखलात रुतायला लागली.

खोलीच्या नकाशावरही संशय होता. जेबको या समुद्राच्या खोलीच्या नकाशाचा जागतिक ग्रिड १५ कोनीय सेकंदांचा, म्हणजे आपल्याकडे एक चौकोन साधारण साडेचारशे मीटरचा. महासागरासाठी उत्तम, पण खांदेरी त्यात तीन-चार ठिपक्यांत आटोपते आणि खाडीचं तोंड म्हणजे नुसता उतार. त्यामुळे थळपासून रेवसपर्यंतची पट्टी मी हाताने रंगवली. ज्यांना कोकणाचा किनारा करायचाय त्यांनी तयार डेटावर विसंबू नये, हे माझं ठाम मत झालंय. तरीही रिव्हेंज आत जायचीच.

उत्तर आलं ते आमच्या गिरगावच्या घरातून. पहाटेच्या प्रकाशाचा शेडर चालू होता. आत्या चहा घेऊन मागे उभी राहिली आणि पडद्याकडे बघून म्हणाली, "कोजागिरीचा चंद्र दाखवलायस का रे?"

पश्चिमेला, रिव्हेंजच्या डोलकाठ्यांमागे, जवळजवळ पूर्ण चंद्र मावळत होता.

चंद्र आणि भरती-ओहोटी एकाच गणितातून येतात, आणि त्या गणिताला तारीख लागते. पायथन या संगणकीय भाषेतलं डेटटाइम सगळ्या तारखा आजच्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेच्या धरतं, कितीही मागे जा. इंग्रजांचे कागद मात्र १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेच्या तारखांचे. सतराव्या शतकात दोहोंत १० दिवसांचं अंतर. म्हणजे लढाईचा १८ ऑक्टोबर हा ग्रेगोरियन २८ ऑक्टोबर! दहा दिवसांनी चंद्र कुठल्या कुठे जातो.

पडताळा घ्यायला आपल्यासारखं भाग्य कुणाचं नाही, कारण आपल्याला तारखा तिथींसकट पाठ असतात. ६ जून १६७४ टाकला, १० दिवस मिळवले, तर ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा चंद्र आला. ३ एप्रिल १६८० टाकला, तर चैत्री पौर्णिमा. राज्याभिषेक आणि महाराजांचं निधन, दोन्ही तिथी पडद्यावर बरोबर उभ्या राहिल्या तेव्हा अंगावर काटा आला. मग लढाईची तारीख टाकली. शके १६०१, अश्विन वद्य अष्टमी-नवमीचा सुमार. दिवाळीची अमावास्या सहाएक दिवसांवर. पहाटे अर्धा चंद्र डोक्यावर.

म्हणजे भांगाचं पाणी, भरती-ओहोटीत कमी फरक असलेलं. मुंबईकरांना सांगायला नको, पण मांडतो, कारण सगळी किल्ली इथेच आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास आपल्याकडे भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास लागते, आणि उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. अष्टमीच्या आसपास उलटं: भरती सकाळ-संध्याकाळी सहा-सातला, ओहोटी दुपारी, आणि फरक जेमतेम दीड-दोन मीटरचा.

जुन्या सेटिंगमध्ये, म्हणजे जवळजवळ पूर्ण चंद्राच्या चुकीच्या तारखेला, पहाटे पूर्ण ओहोटी असायची, मग सकाळभर भरतीचा जोर. पळणारी गलबतं आणि रिव्हेंज दोघांनाही तो प्रवाह खाडीत ओढून न्यायचा, आणि दांड्यावर ऐन वेळी भरपूर पाणी. आता हल्ला होतो तेव्हा भरती संपत आलेली असते. खांदेरीपासून खाडीचं तोंड अठराएक किलोमीटर. कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने गलबताला चाळीस-पन्नास वल्ही आणि तासाला चार मैलांचा वेग दिलाय. त्या हिशेबाने गलबतं तोंडाशी पोचतात तेव्हा सुकती (ओहोटी) बरीच झालेली असते. प्रवाह समोरून, पण भांगाचा, कमजोर. वल्ही तो कापतात. रिव्हेंजच्या तळाला मात्र पाणी पुरत नाही.

वाऱ्याचंही याच्याशी जुळून आलं. वरळी कोळीवाड्यातल्या तांडेलकाकांना पावसाळ्यानंतरच्या वाऱ्याबद्दल विचारलं होतं. ते म्हणाले, "पहाटं मतलई, ती ऊन चढलं का पडते. मग घटकाभर काय नाय. खारा वारा सुटतो तो दुपारकडं." ते तीन टप्पे मी जसेच्या तसे वाऱ्याच्या आलेखात घातले. हल्ला येतो तो मतलईच्या, म्हणजे जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्याच्या पाठबळावर. रिव्हेंज ईशान्येला पाठलाग करते तेव्हा तोच वारा तिला जवळजवळ समोरून, आणि मग तोही पडतो. वल्ह्यांचं मोल या घटकाभरात कळतं. दिवसभर एकच वारा देणारे गेम गलबताला नुसती दुबळी होडी करून टाकतात, याचा मला मनापासून राग येतो. ती होडी या वाऱ्यासाठी, या पाण्यासाठी बांधलेली होती.

गुराबेच्या मॉडेलबद्दल थोडं. एका ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेलं 'भारतीय गुराब' म्हणवणारं मॉडेल मी काढून टाकलंय. त्याचा पुढचा भाग सरळ युरोपीय जहाजाचा होता. गुराब मध्यातून पुढे निमुळती होत जाते आणि नाळ पाण्यावर लांब पुढे येते. पुढच्या आडभिंतीतल्या झरोक्यांतून दोन मोठ्या तोफा त्या नाळेवरून मारा करतात. हेच नसेल तर गुराब कसली? ब्लेंडरमध्ये नव्याने करतोय, सांगाडा झालाय. गलबताचा फाटलेल्या बांबूंचा हलका डेक मात्र पूर्ण झाला. जवळून कॅमेरा नेला की फटींतून खालचे वल्हेकरी हलताना दिसतात. गोडो या गेम इंजिनमध्ये एवढ्या हलत्या वल्ह्यांनी फ्रेमरेट पडेल असं वाटलं होतं, पण त्यातल्या मल्टीमेशने (एकच आकार अनेकदा झटपट काढण्याच्या सोयीने) निभावून नेलं.

तारखांची ही दुरुस्ती आता सगळ्या प्रसंगांना लागणार. १७०० नंतर अंतर ११ दिवसांचं होतं, त्यामुळे मुंबईचा इंग्रज गव्हर्नर बून याच्या काळातल्या, १७१७ च्या विजयदुर्ग आणि १७१८ च्या खांदेरीवरच्या मोहिमांना ११ मिळवा. १७२१ ला कुलाब्यावर इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले, तिथे एकाच दिवसाला दोन तारखा, कारण पोर्तुगीज १५८२ पासूनच ग्रेगोरियन. १७५६ च्या विजयदुर्गाला काहीच मिळवायचं नाही. शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे जंजिऱ्याच्या सिद्दीने खांदेरीशेजारचं उंदेरी बेट घेतलं तो जानेवारी १६८० त्यांच्या कागदांत १६७९ म्हणूनही दिसतो. ऑक्टोबरच्या प्रसंगात उंदेरीवर सिद्दीच्या तोफा ठेवणाऱ्यांनी त्या कृपया काढाव्यात. गेममध्ये तारीख निवडायच्या खिडकीत मी आता तिथी आधी आणि तारीख खाली दाखवणार आहे.

पुढचा टप्पा विजयदुर्ग १७५६ असं मी मागे जाहीर केलं होतं. पण हे लिहिता लिहिताच विचार बदलला. लढाईनंतरची अमावास्या म्हणजे दिवाळीची, इंग्रजी कागदांतला २४ ऑक्टोबर. चंद्र नाही, आणि उधाणाची भरती बरोबर मध्यरात्री. इंग्रजांचा पहारा चुकवून रात्री होड्यांनी खांदेरीवर सामान पोचवणं, हेच तर त्या सगळ्या वेढ्याचं मर्म होतं. पहारा ठेवूनही इंग्रजांना ते थांबवता आलं नाही. मग खेळाडूला थळच्या किनाऱ्यावरून सामान भरून द्यायचं, रात्र त्याने पंचांग बघून निवडायची: काळोख हवा की खडकांवरून जाण्याइतकं पाणी, की दोन्ही मिळणारी अमावास्या, जिच्यावर पहारेकरीही डोळा ठेवून असतील. तोफ एकही न डागता जिंकता येईल असा प्रसंग. गुराबेचं मॉडेल त्याला लागतही नाही. विजयदुर्ग थांबू दे.

त्यासाठी अंधारात दिसण्याचं अंतर चंद्राच्या कलेला जोडायला घेतोय. आवाजाचंही करायचंय, शांत पाण्यात वल्ह्यांचा आवाज लांब जातो. चाचणीचं बिल्ड शनिवारी टाकतो, त्यात फक्त पाठलाग आहे. रिव्हेंज घेऊन खेळा आणि खाडीत शिरायचा मनापासून प्रयत्न करा. कुणी आत गेलंच तर सेव्ह फाइल पाठवा. आणि थळ किंवा रेवसकडचं कुणी इथे असेल, तर भांगाच्या दुपारी किनाऱ्यालगत कोणते खडक उघडे पडतात ते नकाशावर खुणा करून द्या, रात्रीच्या प्रसंगाची पट्टी मला त्याच आठवड्यात रंगवायची आहे.