तुम्ही विचारलंत म्हणून: सरळ स्विचच का नाही बदलत?

"फायबर आहे ना, मग लिंक जातेच कशी? आणि जाते तर स्विच बदला की, आल्यापासून टोकंच काय पुसत बसलाय?" नेटवर्क दुरुस्तीला गेलो की महिन्यातनं तीन-चारदा तरी हे ऐकतो. दरवेळी हसण्यावारी नेतो, आज एकदाच लिहून टाकतो.

टोक पुसतो कारण फायबर म्हणजे उजेडातून डेटा नेणारी काचेची तार, आणि लांब अंतराच्या, म्हणजे सिंगल मोड, फायबरचा मधला भाग, जिथून उजेड जातो, तो फक्त ९ मायक्रॉनचा असतो. तुमच्या डोक्यावरचा केस त्याच्या सात-आठ पट जाड. बोटाचा तेलकट डाग तिथे बसला की काम झालं. स्विच म्हणजे नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणारा डबा, तो बिचारा आलेला उजेड वाचतो, उजेडच नाही आला तर तो काय करणार? आणि नवीन स्विच लावताना कॉर्ड, म्हणजे फायबरची छोटी जोडवायर, काढून परत खोचली की कधीकधी लिंक येते, मग सगळे म्हणतात बघा, स्विचच गेला होता. जुना चांगला स्विच भंगारात.

पण मी असा सावध आधीपासून होतो असं नाही.

सांगली जिल्ह्यातला एक साखर कारखाना, सीझन ऐन भरात. वजनकाट्याची केबिन ते ऑफिस एक किलोमीटरच्या वर अंतर, तांब्याची केबल १०० मीटरलाच संपते, म्हणून फायबर. लिंक येई-जाई. ट्रॅक्टर काट्यावर चढला की हमखास. स्लिप निघेना, मागे लाईन पार गेटाबाहेर, उन्हात ऊस वाळतोय, वजन घटतंय, शेतकरी शिव्या घालतायत, आणि शेतकी अधिकारी माझ्या डोक्यावर उभे. मी केबिनमधल्या एसएफपीचं, म्हणजे फायबर जिथे खोचतात त्या स्विचमधल्या तुकड्याचं, रीडिंग बघितलं. किती उजेड पोचतोय ते डीबीएममध्ये दाखवतं, उणेचा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. उणे ८ डीबीएम, एकदम मस्त. म्हणजे फायबर ओके. मग माझं लक्ष टेबलाखालच्या पाच पोर्टच्या छोट्या स्विचवर गेलं, प्रिंटर आणि कॅमेऱ्याच्या वायरींचा नुसता गुंता, आणि मी सगळ्यांसमोर बोलून गेलो, "इथं कुणीतरी लूप केलाय. एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली की असंच होतं."

केबिनमध्ये कुणीतरी म्हणजे काटावाले मामाच. "मी कशाला हात लावू साहेब, मला त्यातलं कळतंय व्हय?" एवढंच म्हणाले. संध्याकाळी त्यांना यार्डात रात्रपाळीला टाकलं.

आता स्वतःशीच भांडतो. अरे, लूप झाला की लिंकचा दिवा विझत नाही, पॅकेट गोल गोल फिरत राहतात आणि सगळ्या पोर्टचे दिवे एकदम वेड्यासारखे मिचमिचतात. इथं फायबरच्या पोर्टचा दिवा विझत होता. हे तुला तेव्हा माहीत नव्हतं? होतं. पण मागनं हॉर्न वाजत होते, काहीतरी बोलायला पाहिजे होतं, हे पण खरंय ना? खरंय. तरी.

तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या टोकाला रीडिंग बघितलं, जे पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं. उणे २२. वर-खाली होतंय. त्या एसएफपीला निदान उणे १९ तरी लागतो. फायबरच्या लिंकला दोन दिशा असतात, जायची वेगळी, यायची वेगळी, आणि मी एकच बघून सर्टिफिकेट दिलं होतं. केबिनमध्ये परत जाऊन भिंतीवरचा एलआययू, म्हणजे बाहेरून आलेलं फायबर जिथे संपतं तो डबा, उघडला तर आत पिवळ्या सिंगल मोडच्या जागी केशरी पॅच कॉर्ड. मल्टिमोड, म्हणजे जाड मधल्या भागाची, ५० मायक्रॉनची. बारीक नळीतलं पाणी जाड पायपात बिनघोर जातं, जाड पायपातलं बारीक नळीत ओतलं की सांडतंच. म्हणून ऑफिसकडून येणारा उजेड इथे नीट पोचत होता आणि इथून जाणारा वाटेतच सांडत होता. ट्रॅक्टरच्या हादऱ्यानं कॉर्ड जरा हलली की अजून कमी. दोन टोकांत १४ डीबीचा फरक, म्हणजे पंचविसावा हिस्सा उजेड.

ती केशरी कॉर्ड मीच लावली होती. दिवाळीच्या आसपास उंदरानं पिवळी कुरतडली होती, बॅगेत तीच होती, लिंक आली, म्हटलं पुढच्या खेपेला बदलू.

पिवळी लावली, लिंक आली ती आलीच. शेतकी साहेबांना सांगितलं, "फायबरमध्ये प्रॉब्लेम होता." खोटं नाही. कुणी लावली ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मामा सीझन संपेपर्यंत यार्डातच. साहेबांनी स्वतःहून परत बोलवायला पाहिजे होतं असं मी बरेच दिवस म्हणत होतो. पण त्यांना कसं कळणार, सांगणारा मीच ना.

तर म्हणून आधी टोक पुसतो, मग दोन्हीकडची रीडिंग घेतो, मग स्विच, आणि माणसाचं नाव सगळ्यात शेवटी. मागच्या महिन्यात एका शाळेत खरोखरच लूप निघाला. दिवे मिचमिचताना पहिल्या मिनिटाला दिसले होते, तरी दोन तास सगळं तपासून मग बोललो. ते दोन तास ऑफिस बंद. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "एवढं सोपं होतं तर आधी का नाही सांगितलं?" यावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.