खसखशीची कोलाची

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

झोपायला हवं खरं तर, पण एक वाक्य दुपारपासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले. समोर ओट्यावर बेकरीचा पांढरा खोका आहे. त्यात कोलाची, इथे टेक्सासमधल्या चेक लोकांचे गोड सारणाचे छोटे पाव. डझन घेतल्या होत्या, पाच उरल्यात. दोन जर्दाळूच्या, एक प्रूनची, एक चीजची आणि एक खसखशीची. खसखशीची माझी आहे हे घरात सगळ्यांना माहितीये, तिला कुणी हात लावत नाही.

ऑस्टिनहून येताना नेहमीसारखं ७१ नंबरच्या रस्त्याने आलो. मी पहिल्यापासून सांगून ठेवलंय, या रस्त्याने जायचं तर ला ग्रेंजला नाहीतर एलिंजरला थांबायचंच. एलिंजरचं ह्रुस्का हे बेकरीचं दुकान १९१२ पासूनचं आहे, पेट्रोल भरायला थांबावं आणि हातात गरम खोका घेऊन निघावं असं. आज ला ग्रेंजला थांबलो कारण पिल्लूला, माझ्या लेकीला, भूक लागली होती आणि खरं म्हणजे गाडीतली शांतता मला नको झाली होती. सकाळी निघताना दादांचा फोन आलेला, त्यावर आमचं दोघांचं बोलणं चाललं होतं, मग बोलणं संपलं आणि कुणीच काही बोलेना. ते जाऊदे.

बेकरीत रांग होती. पिल्लूने नेहमीप्रमाणे सॉसेज आणि हालापेन्यो मिरचीवाली मागितली. इथे आलो तेव्हा मला पण तीच कोलाची वाटायची, ऑफिसात शुक्रवारी कुणीतरी खोका आणायचं त्यात तीच असायची ना. मग कळलं की जुनी चेक माणसं तिला कोलाची म्हणतच नाहीत. ती क्लोबास्निक, ती इथे टेक्सासमध्येच जन्मली, आणि खरी कोलाची म्हणजे गोडाची. मऊ लोण्याचं यीस्टचं पीठ, दोनदा फुगवायचं, गोळ्यात मधोमध बोटांनी खळगा करायचा, त्यात प्रूनचं नाहीतर जर्दाळूचं सारण, नाहीतर चक्क्यासारखं दिसणारं चीज, वर लोणी-मैदा-साखरेचा चुरा. त्या चुऱ्याला पोसिप्का म्हणतात. चेक भाषेत कोलो म्हणजे चाक, गोल असते म्हणून कोलाच. हे सगळं मला इतकं पाठ का झालंय माहीत नाही. कुणाच्या तरी आईची रेसिपी आहे एवढं कळलं की मला ती पाठच होते.

खसखशीच्या चारच शिल्लक होत्या, मी चारही मागितल्या. पुढे एक आज्जी उभ्या होत्या, ऐंशीच्या तरी असतील, त्या वळल्या आणि म्हणाल्या, तुमच्यात खसखस खातात का. मी म्हटलं खातात म्हणजे काय, आणि अनारसे सांगायला लागले. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं, खसखशीवर थापायचं आणि तळताना खसखशीची बाजू वर, उलटायचं नाही. आमची खसखस पांढरी, तुमची ही काळीनिळी, दुधात शिजवलेली. त्या म्हणाल्या, माक. त्यांची आई खसखशीला माक म्हणायची. मी पण म्हणून बघितलं, माक. त्यांना फार आनंद झाला.

मग मी विचारलं, तुम्हाला चेक भाषा येते का. विचारायला नको होतं असं आता वाटतंय, पण मी कुणालाही विचारते तसं विचारलं. त्या म्हणाल्या, खाण्याचे शब्द येतात, एक प्रार्थना येते आणि दोनतीन शिव्या. आईवडील आपसात चेकमध्येच बोलायचे, पण ते आम्हा मुलांना कळू नये म्हणून. पैशाचं, आजारपणाचं, कुणाची मुलगी कुणाबरोबर गेली ते. आमच्याशी इंग्रजी. आई गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आता मला कळू नये असं बोलणारंही कुणी राहिलं नाही.

एवढं बोलून त्यांनी आपला खोका उचलला आणि मला हॅव अ सेफ ड्राइव्ह म्हणून गेल्या.

आणि पार्किंगमध्ये, गाडीला टेकून, तोंडात सॉसेज, एका हाताने केस मागे करत पिल्लू इंग्रजीत म्हणाली, तुमचं पण तसंच आहे की. काहीतरी वाईट झालं असलं की तुम्ही मराठी बोलता. तुम्ही दोघं हळू आवाजात मराठी सुरू केलंत की माझ्या पोटात कसंतरी होतं.

तक्रार नव्हती तिची. पाऊस येईल असं वाटतंय, अशा सुरात म्हणाली. ह्याने ऐकलं की नाही माहीत नाही, तो काच पुसत होता.

तिथून ७७ नंबरच्या रस्त्याने खाली शूलेनबर्ग आणि मग थोडं पुढे फ्लॅटोनियाच्या बाजूला प्राहाला गेलो, कारण ते आधीच ठरलं होतं. गावाचं नाव आधी मलबेरी होतं, मग चेक लोकांनी प्राहा, म्हणजे प्राग, केलं, आपण सोडून आलेल्या मुलखातल्या गावाचं नाव नव्या गावाला द्यावंसं का वाटतं ते मला बरोबर कळतं. १८९५ चं दगडी चर्च आहे, आत छतावर वेली आणि फुलं रंगवलेली, बाहेरून बिलकुल कल्पना येत नाही. एरवी मी तिथे अर्धा तास मान वर करून बसते. आज बाहेर स्मशानातच फिरले. जुन्या दगडांवर सगळं चेक. झ्दे ओद्पोचीवा, इथे विसावला आहे. इतक्या दगडांवर वाचून ते मला येतं आता. मग थोडं पुढे आलं की आडनावांतल्या अक्षरांवरच्या त्या छोट्या चेक खुणा गळतात, मग बॉर्न आणि डाइड येतं, मग सगळंच इंग्रजी. ओळीने चालत गेलं की दिसतंच ते. एकाच आडनावाचे दगड, आजोबा चेकमध्ये आणि नातू इंग्रजीत, मध्ये चार पावलांचं गवत.

या चेक लोकांचं मला समजतं तरी. मोरावियातून, म्हणजे तिकडच्या चेक मुलखातून, १८५० च्या सुमाराला निघालेली माणसं, गॅल्व्हेस्टनला बोटीतून उतरायचं आणि बैलगाड्यांतून इथवर यायचं, कापूस लावायचा. तरी ला ग्रेंजमधून १८८५ पासून यांचं स्वोबोदा नावाचं स्वतःचं चेक वर्तमानपत्र निघायचं. पुढे १९१८ मध्ये टेक्सासमध्ये कायदाच झाला की शाळेत शिकवायचं ते इंग्रजीतच. त्यांच्यावर कायदा होता. माझ्यावर कुठला होता? मला कुणीच अडवलं नव्हतं. उलट महाराष्ट्र मंडळाची रविवारची मराठी शाळा होती, पिल्लूला दोन वर्षं घातलं, मग सॉकर आलं, मग रविवारी सकाळी उठवताना तिचं ते रडणं बघवेना आणि मी म्हटलं राहू दे, घरी बोलतोच की आपण.

घरी बोलतोच की. हेच ते. काय बोललो आम्ही मराठीत? व्हिसाचं बोललो. त्याच्या ऑफिसातलं ले-ऑफचं बोललो, त्या सबंध उन्हाळ्यात स्वयंपाकघरात उभं राहून पुटपुटत. बाबांचं झालं तेव्हा तर मी रात्रभर फोनवर होते आणि ती जिन्यात बसून होती हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. भांडलो ते मराठीत, कारण मला इंग्रजीत भांडताच येत नाही. आणि तिच्याशी? डबा भरला का, होमवर्क झालं का, आय लव्ह यू, टेक केअर, हे सगळं इंग्रजीत. म्हणजे चांगलं जेवढं होतं तेवढं मी तिला दुसऱ्याच भाषेत दिलं. माझी भाषा मी तिच्या वाट्याला फक्त दारामागून येऊ दिली.

मला फार वाईट वाटलं हे लिहिताना. गाडीत येताना तर मी खिडकीकडे तोंड करून रडले थोडी, आणि स्वतःचीच कीव करत बसले की मी काय नाही केलं, अंगाई म्हटल्या, मऊभात भरवताना चिऊकाऊच्या गोष्टी सांगितल्या, ते कुठे गेलं सगळं? ते का नाही तिच्या पोटात राहिलं? तीन वर्षांची असताना ती मराठीच बोलायची. मराठीच! ‘आई मला उचल’ म्हणायची. मग प्रीस्कूलमधून आली आणि एक दिवस अप म्हणाली, आणि मीही अप म्हणून उचललं, हात भरलेले होते, घाई होती. त्या दिवसाची तारीखसुद्धा मला आठवत नाही.

गाडीतूनच आईला फोन करावासा वाटला, पण तेव्हा तिकडे पहाट. आणि आईला सांगू तरी काय, तिला वाटेल मी तिथे खूश नाही, मग ती दादाला सांगणार. नकोच.

पण आत्ता जरा निवांत बसल्यावर असंही वाटतंय की पोरीला निदान आवाज तरी ओळखू येतो. शब्द कळत नाहीत सगळे, पण कुठल्या आवाजात काय असतं ते बरोब्बर कळतं, आमच्या आजीलाही असंच कळायचं, भिंतीपलीकडून. आणि त्या आज्जींना माक आठवत होतं. ऐंशीव्या वर्षी, दुकानात, अनोळखी बाईला सांगण्याइतकं आठवत होतं, म्हणजे त्यांच्या आईने कणीक मळताना तेवढं तरी मोठ्याने म्हटलं असणार ना, मुलांसमोर, लपवायचं काही नसताना. तेवढ्याला किती दिवस लागतात? माझ्याकडे ती कॉलेजला जाईपर्यंत चार वर्षं आहेत. चार दिवाळ्या. अनारसे मी गेली कित्येक वर्षं विकतचे आणतेय.

इथपर्यंत लिहिलं आणि पिल्लू खाली आली. पाणी प्यायला म्हणून आली आणि खोका दिसल्यावर थांबली. मी मराठीत म्हटलं, जर्दाळूची घे, गरम करून देऊ का.

तिने खोक्याकडे नाही, आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. नीट, बराच वेळ.

“काय झालं?” मराठीत विचारलं तिने. एवढे दोन शब्द तिला येतातच, आमच्या घरात तेच तर जास्त लागतात.

“काही नाही झालं गं,” मी म्हटलं. “कोलाची खातेय. ही खसखशीची. खाऊन बघ.”

ती अजून बघतच होती माझ्याकडे. मग स्टूल ओढून बसली आणि माझ्या खसखशीच्या कोलाचीचा कडेचा तुकडा मोडला, जिथे सारण पोचलेलं नसतं तिथला. मी तिला म्हटलं, मधलं घे, मधलं. तिला कळलं. घेतलं तिने.

दाताला काळं लागलंय तिच्या, अजून इथेच बसलीये समोर, फोनमध्ये काहीतरी बघत. खसखस म्हणून बघ म्हटलं तर हसतेय, दोन्ही ख तिला जमत नाहीयेत. कसकस म्हणतेय.