मोटरच्या आधाराने चिखलदऱ्याचा घाट

परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याला जाणारा रस्ता सुमारे ३० किलोमीटरचा आहे, परंतु सायकलस्वाराच्या लेखी ते दोन वेगळे रस्ते आहेत. गढीपर्यंत संत्र्याच्या बागा, वेचणीला आलेली कपाशी आणि तुरीचे पट्टे यांतून बऱ्यापैकी सपाट वाट जाते; तिथून पुढे सातपुड्याची गाविलगड रांग लागते आणि परतवाड्यापासून मोजल्यास एकूण चढ ७०० मीटरहून अधिक भरतो. पन्नाशीपर्यंत हा घाट मी साध्या रोड बाइकवर चढत असे. पासष्टी ओलांडल्यावर पाय अजून तयार असतात, पण चढावर हृदयाचे ठोके डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेपलीकडे जातात, म्हणून या डिसेंबरात इलेक्ट्रिक सायकल घेऊन निघालो.

सपाटीवर मोटर मी बंदच ठेवली होती. आपल्याकडील नियमानुसार २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबवणारी पेडल-सायकल नोंदणी व परवान्यावाचून चालवता येते. ज्याला सपाट रस्त्यावर त्याहून जास्त वेगाची सवय आहे, त्याच्या वाट्याला मग मोटरचे फक्त वजन येते. नऊ-दहा किलोच्या सायकलीवरून वीस किलोच्या सायकलीवर आलेल्या माणसाला हे पहिल्याच वाऱ्यात कळते. केवळ अमरावती-अकोल्याच्या सपाटीवर फिरणाऱ्याने हा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गढीच्या चहाच्या टपरीवर एका तरुणाने सायकलीभोवती फेरी मारून विचारले, "काकाजी, पायडल त तुमी मारूनच राह्यले, मंग मोटर कायले बसोली?" प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. माझ्या सायकलीत पेडलवर पडणारा जोर मोजणारा सेन्सर आहे आणि मोटर त्या जोराच्या प्रमाणातच साथ देते, त्यामुळे पाय थांबले की तीही थांबते. आमच्या गटातील काही कट्टर मंडळी याला लबाडी म्हणतात. त्यांनी माझा घामाने चिंब झालेला शर्ट पाहिला असता, तर बरे झाले असते.

घाटात खरी परीक्षा मोटरच्या जागेची झाली. माझी मोटर पेडलच्या आसापाशी आहे, म्हणजे तिची ताकद साखळीतून, गिअरमधून चाकापर्यंत जाते. गिअर हलका केला की मोटरही सुखाने फिरते. बरोबरच्या स्नेह्यांची मोटर मात्र मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात होती. तिला गिअरचा उपयोग नसतो, आणि चाक संथ फिरू लागले की विजेचा बराच भाग उष्णतेतच जातो. तीव्र वळणांच्या टप्प्यात तिने मदत कमी केली, तेव्हा त्यांनी उतरून हबला बोट लावले आणि लगेच मागे घेतले. सावलीत पंधरा-वीस मिनिटे थांबल्यावर ती पूर्ववत झाली.

बॅटरीची चिंता मात्र हिशेबाने मिटते. स्वार, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो वजन ७०० मीटर वर न्यायला सुमारे १८० वॉट-अवर ऊर्जा लागते; ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरच्या बॅटरीत ३६० असतात. निम्मे काम पाय करत असतील, तर मोटरमधील तूट धरूनही बॅटरी पुरून उरते. तिचा खरा शत्रू आपला उन्हाळा आहे. एप्रिल-मे महिन्यांत ती उन्हात उभ्या सायकलीवर ठेवू नये आणि तापलेली असताना चार्जिंगला लावू नये, कारण लिथियम-आयन पेशींचे आयुष्य उष्णतेने घटते.

चिखलदऱ्याअलीकडच्या मोथा गावात खवा-रबडीसाठी थांबलो, तोवर तरुण सोबती पुढे पोहोचून आमची वाट पाहत होते. पूर्वी ही वाट पाहणे तासाचे असे आणि त्यांच्या चेहऱ्यावरची सौजन्यपूर्ण काळजी मला बोचत असे; यंदा त्यांचा पहिला चहाही संपला नव्हता. उतरताना मोटरचे काम नव्हते, पण वाढलेले वजन सर्वस्वी ब्रेकवर येते, म्हणून डिस्क ब्रेकखेरीज अशी सायकल घाटात आणू नये. किंमत विचारणाऱ्यांना मी खरे तेच सांगितले: या पैशांत चांगली मोटारसायकल येते. स्नेह्यांनी तरीही हबची सायकल विकायला काढली आहे.